गेल्या मे महिन्यातली चिठ्ठी

सेलेस्तीनबाईंना कागद टाकवत नसे. कट्टा गावच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल, आणि हाती लागेल तो कपटा त्या पुस्तकात खुणेसाठी घालून ठेवायच्या. जित्याची खोड! शिपाई काशिनाथ कितीदा म्हणाला होता, "बाई, गेल्या वर्षीच्यो चिठ्ठ्यो तरी काढा." बाई हसायच्या. "रवांदे रे, पोरांका गंमत वाटता."

ती गंमत दिवाळीच्या सुट्टीत अंगाशी आली.

त्या दिवशी बाईंनी आठवी-नववीच्या मुलांसाठी पुस्तकातला शोध ठेवला होता. प्रत्येकाला एक पुस्तक, पुस्तकात बाईंच्या हातची चिठ्ठी, चिठ्ठीत गावातल्या एखाद्या जागेचं कोडं. पुस्तक टेबलावर ठेवायचं, चिठ्ठी घेऊन त्या जागी जायचं, तिथे बांधलेली लाल रिबीन सोडून पाचच्या आत परतायचं. चार वाजता आठ मुलं बाहेर पडली. पाचाला सात परत आली. गौरजा आली नाही.

ही गौरजा भिडस्त, अडलं तरी विचारणार नाही. तिची आई तिला पाठवायलाच राजी नव्हती. "तिका पोहूक येना नाय, बाई. विहिरी-व्हाळाकडे धाडू नकात," असं तिने दोनदा बजावलं होतं, आणि बाईंनी तसा शब्द दिला होता.

तिच्या चिठ्ठीत पोस्टाचं कोडं होतं, म्हणून काशिनाथ पोस्टाकडे बघून आला. "रिबीन थंयच आसा. चेडू पोस्टाकडे गेलाच नाय."

बाईंनी गौरजाचं पुस्तक उघडलं. दगडमातीवरचं पुस्तक होतं ते. पोस्टाची चिठ्ठी आत जशीच्या तशी! मग पोर कोणती चिठ्ठी घेऊन गेली? बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हेच पुस्तक मे महिन्यातल्या शोधातही होतं, आणि तेव्हा लिहिलेलं कोडं त्यांना शब्द न् शब्द आठवलं. 'आपल्या घरांचा दगड जिथून निघतो तिथे जा. पायऱ्यांनी खाली उतर. शेवटच्या पायरीवर बघ.'

सड्यावरची, गावाबाहेरच्या कातळमाळावरची, बंद पडलेली चिरेखाण. मे महिन्यात ती खडखडीत कोरडी होती, पोरं आत क्रिकेट खेळत. आता पावसाळा नुकता सरलेला. खाणीत दोन पुरुष पाणी असणार.

"काशिनाथ, दोरी घी नि मागसून ये!" एवढंच ओरडून बाई धावत सुटल्या. पन्नाशीची बाई, गुडघे दुखरे, पण त्या दिवशी कसले गुडघे! आपल्याच हाताने 'खाली उतर' लिहिलं, हे एकच डोक्यात घुमत होतं. सायबिणी माते, पोर सांभाळ. तिच्या आईला काय तोंड दाखवू? भीतीने त्यांना धड रडूही येईना.

खाणीच्या काठावर गौरजाच्या हिरव्या चपला होत्या. नीट जोडून ठेवलेल्या.

"गौरजाऽऽ!" बाईंनी हाक मारली. पाणी हललं नाही. चिरे काढताना पडलेल्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या आणि चार-पाच पायऱ्यांनंतर सरळ हिरव्या पाण्यात जात होत्या. बाईंनाही पोहता येत नव्हतं. तरी त्या उतरल्या. घोटे बुडाले, मग पोटऱ्या. त्या वाकून पाण्यात हात घालून चाचपू लागल्या.

"बाई, फुडे जाव नकात! पाणी आसा थंय!"

बाईंनी मान वर केली. करवंदीच्या जाळीआडून गौरजा काठावर आली होती. रडून तोंड सुजलेलं, हातात चुरगळलेली चिठ्ठी. बाई हातापायांवर वर आल्या आणि त्यांनी तिला घट्ट धरलं.

"हाक मारलंय तेव्हा ओ कित्याक दिलंस नाय गो?"

"माका भय वाटला. तुमी रागावतलास म्हणान." पोर हुंदके देत होती. "चपला काढून दोन पायऱ्यो उतरलंय. मगे पाय सरकलो नि वर इलंय. रिकाम्या हातान परत कशी येव? लिवलाला तुमीच, म्हणजे जावकच व्हया, असा वाटला. परत एकदा उतरूचा म्हणान हंयच बसलेलंय."

तिच्या मुठीतला कागद बाईंनी हळूच काढून घेतला. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार.

गौरजाने डोळे पुसले आणि भीत भीत विचारलं, "मी शेवटच्या पायरीवर गेलंय नाय, बाई. हरलंय मगे मी?"