तिसरा संच

तेप्पेई कुझुहाराचं बूड सोन्याचं आहे, असं सुझुकाच्या शर्यतमार्गावर, गाड्या दुरुस्त करायच्या पिटमध्ये सगळे म्हणायचे, आणि त्याच्या तोंडावर म्हणायचे. शर्यतीच्या चालकाला गाडी कळते ती थोडी डोळ्यांनी, थोडी हातांनी आणि उरलेली सगळी कमरेखाली. मागचं चाक सुटायच्या आधी बसल्या जागी एक बारीकशी चाहूल लागते, आणि ती ज्याला लवकर लागते तो लवकर सावरतो. तेप्पेईला ती इतकी लवकर लागायची, की मागच्या टायरमध्ये हवा चिमूटभर जास्त असली तरी तो पहिल्याच फेरीला परत येऊन कुरकुर करायचा. मेकॅनिक मोजून बघत आणि मुकाट्याने हवा कमी करत. एका वर्षाअखेरच्या मेजवानीत त्यांनी त्याच्या खुर्चीत सोनेरी उशी ठेवली होती, आणि हा पठ्ठ्या ती काखेत मारून घरी घेऊन आला होता.

त्याच्यापेक्षा वेगवान चालक जपानात पुष्कळ होते, हे त्यालाही ठाऊक होतं. सहाव्या वर्षी कार्टमध्ये, म्हणजे पोरांच्या छोट्या शर्यतगाडीत बसला, विशीत युरोपात जाऊन हात पोळून परत आला, मग देशातल्या शर्यतींत कधी दुसरा, कधी पाचवा. विजेतेपद काही नशिबात आलं नाही. तरी तोबिता-सानच्या संघात त्याची जागा वर्षानुवर्षं पक्की होती, कारण संघाला टायर पुरवणाऱ्या कंपनीला त्याचा शब्द हवा असे. नवा टायर घडवायचा तर तो चांगला की वाईट, आणि वाईट असला तर नेमका कुठे, हे सांगणारा माणूस लागतो. तेप्पेई ते सांगत असे, आणि त्याने सांगितलं की तरुण पोरं त्या टायरवर जीव टाकून भरधाव सुटत.

आणि आता तेच बूड मेलं होतं.

मे महिन्यात फुजीच्या शर्यतमार्गावर पावसात गाडी फिरली आणि पाठीमागून भिंतीवर आदळली. मणका दुखावला, तो भरून आला. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काम झालं, शिरेतल्या जाणिवेचं मात्र सांगता येत नाही. येईल तर येईल, आणि येताना उगाच मुंग्या, चटके, नसलेलेच भास करून देईल, त्यावर जाऊ नका. उजव्या कमरेपासून मांडीपर्यंत त्याला काहीच कळत नव्हतं. खुर्चीत बसला तर अर्धा माणूस बसल्यासारखं वाटायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. ऑगस्टपासून तो पुन्हा शर्यतीत उतरला, आणि संघातला जोडीदार चालक आमेमिया गाडीबद्दल जे सांगेल तेच थोडं फिरवून सांगत त्याने वेळ मारून नेली. पण आमेमिया पुढच्या मोसमात परदेशी चालला होता. आता फिरवून सांगायलाही कोणी उरलं नव्हतं.

बायकोला कळलं ते वेगळ्याच रीतीने. नोव्हेंबरात डोंगरावरून बोचरा वारा सुटला तशी तेप्पेईने कमरेला शेकाची पट्टी चिकटवली, जशी त्या दिवसांत त्यांच्या शिराको गावात सगळेच चिकटवतात. इतरांना ती जास्त गरम लागली की ते काढून टाकतात. याला काही लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला कपडे काढत होता तेव्हा चिनात्सुने पाहिलं, तर तळहाताएवढी कातडी भाजून निघालेली, आणि नवरा आपला दाढीचा साबण शोधतोय.

"हे दुखत नाही तुला?" तिने विचारलं.

"काय?"

तिने बोट लावलं. तो साबणच शोधत राहिला. चिनात्सु तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि तिला सगळं समजलं.

ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. पण त्या आठवड्यात तिने त्याला सुखाने जेवू दिलं नाही. तोबिता-सानना सांग, हे एकच तिचं पालुपद. उद्या तुझ्या शब्दावर एखादं पोर त्या एकशेतीस नावाच्या वळणात पाय न उचलता घुसेल, आणि टायर दगा देईल, मग कोणत्या तोंडाने त्याच्या आईपुढे डोकं टेकवशील, असं ती म्हणायची. तेप्पेईला भीती वाटत होती. चाळिशीला टेकलेल्या माणसाची एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, आणि गाडीतून उतरल्यावर आपण कोण, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने सहाव्या वर्षापासून दुसरं काही करून पाहिलं नव्हतं. शेवटी त्याने शब्द दिला, की डिसेंबरची चाचणी एवढी होऊ दे, जागा पक्की होऊ दे, मग हिवाळ्यात शिरेची जाण परत येईल. नाहीच आली तर सांगेन. ती फक्त म्हणाली, तू स्वतःलाच फसवतो आहेस. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या जखमेला मलम लावत राहिली.

चाचणीच्या सकाळी तिने मलम लावलं तेव्हा तेप्पेई विचारात गढला होता. "हात गार आहेत तुझे," तो म्हणाला, आणि बूट घालायला वाकला. चिनात्सुचा हात क्षणभर थांबला. मग तिने मलमाचं झाकण लावलं आणि जपून जा एवढंच म्हणाली.

तो इतका कसल्या विचारात होता, तेही सांगायला हवं. त्याच्याजवळ एक युक्ती होती.

टायरच्या चाचणीत चालकाला काही सांगत नाहीत. एकामागून एक टायरचे संच चढवतात, गाडीतला वेळ दाखवणारा पडदा काळ्या पट्टीने झाकतात, आणि परत आल्यावर विचारतात, कसा वाटला. त्यात एक ठरलेला सापळा असतो. मध्येच कधीतरी पहिलाच संच नवा म्हणून पुन्हा चढवतात. चालक त्याबद्दल वेगळं काही बरळला, की तो थापा मारतोय हे उघड होतं. हा सापळा सगळ्यांना माहीत असतो, तो कधी येणार हे मात्र माहीत नसतं. पण टायर कंपनीचे इंजिनियर यासुकोची-सान हे सवयीचे गुलाम. पंधरा वर्षं तीच निळी टोपी, दुपारी तेच अंड्याचं सँडविच, आणि तिसरा संच म्हणजे पहिलाच. तेप्पेईला हे केव्हाच कळलं होतं, आणि इतकी वर्षं त्याला या माहितीची गरजच पडली नव्हती. आता त्याचा सगळा भरवसा त्या एका सवयीवर होता.

पिटमध्ये वारा नुसता चावत होता. मेकॅनिक हातात गरम कॉफीचे डबे धरून उभे होते, प्यायला कमी आणि शेकायला जास्त. तोबिता-सान, संघाचे प्रमुख, एकेकाळचे स्वतः चालक, लांब कोटात हात घालून एका बाजूला उभे होते. ते चाचणीला सहसा येत नसत. तेप्पेईने ते पाहिलं आणि हेल्मेट चढवलं.

पहिला संच बरा गेला. पुढच्या चाकांचं हातांनी कळतं, ते त्याने नीट सांगितलं. मागच्यांबद्दल जुन्या अनुभवावर चार गोष्टी ठोकून दिल्या. दुसऱ्या संचात गाडी पुढून जड झाली होती, तेही हातांनी कळलं. मागचं काय, असं यासुकोची-साननी विचारलं, तेव्हा पुढचं जड झालं की मागचं हलकं वाटणारच, या हिशोबाने त्याने हलकं असं सांगितलं. यासुकोची-सान मान डोलावत लिहीत होते. तेप्पेईला घाम फुटला होता, बाहेर दात वाजण्याइतकी थंडी असताना.

मग तिसरा संच चढला. आता फक्त जाऊन यायचं होतं. तो मोकळ्या मनाने सुटला. एस वळणं, चढ, पुलाखालून, आणि मग ते चमच्याच्या आकाराचं लांबलचक डावं वळण. त्या वळणातून बाहेर पडताना त्याने पाय दाबला आणि उजव्या कमरेखाली काहीतरी थरथरलं.

अगदी बारीक. कपड्यात मुंगी शिरावी तसं.

दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथेच, त्याच जागी, तसंच. तिसऱ्या फेरीत तो मुद्दाम वाट बघत आला, आणि ते आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. क्षणभर त्याला हसू फुटलं, रडू फुटलं, दोन्ही एकदम. हा टायर आहे, मागचा उजवा, दाब आला की हा थरथरतोय, असं त्याच्या आतून कोणीतरी स्पष्ट सांगत होतं, जुन्या ओळखीच्या आवाजात.

आणि लगेच डॉक्टर आठवले. मुंग्या येतील, भास होतील, त्यावर जाऊ नका. तिसरा संच म्हणजे पहिला. पहिल्यात काही थरथरत नव्हतं. म्हणजे हा भास. शीर खोड्या करते आहे, तीही नेमकी आज. थरथर आहे म्हणून सांगितलं आणि संच पहिलाच निघाला, तर सगळं संपलं. पंधरा वर्षांची सवय एका बाजूला आणि एक मेलेलं बूड दुसऱ्या बाजूला. पिटमध्ये गाडी वळवताना त्याचं मन हो-नाहीच्या हिंदोळ्यावर होतं, पण इंजिन बंद झालं तोवर त्याने ठरवलं होतं.

यासुकोची-सान दारापाशी वाकले. "कसा?"

"पहिल्यासारखाच."

त्यांनी लिहिलं नाही. "मागे काही?"

"नाही. अगदी पहिल्यासारखा."

"तेप्पेई," ते हळू म्हणाले, "पुन्हा एकदा आठवून बघ. घाई नाही. चमच्यातून बाहेर पडताना?"

आता मागे वळून पाहिलं की कळतं, म्हाताऱ्याने दार सताड उघडून धरलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला उघडं दारही सापळाच वाटतं. तेप्पेईने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, की काहीच नाही.

यासुकोची-साननी टोपी काढली. उघड्या डोक्याने ते फार म्हातारे दिसत होते. त्यांनी तोबिता-सानकडे पाहिलं, आणि तोबिता-साननी नजर जमिनीकडे वळवली. मेकॅनिक एकेक करून कामाला लागले, जे काम तिथे नव्हतंच.

"माझी सवय तुला माहीत आहे, हे मला माहीत होतं," यासुकोची-सान म्हणाले. "आज मोडली. मागच्या उजव्या टायरची बाजूची भिंत मऊ करून आणली होती. धोका नाही, पण चमच्यातून निघताना ती थरथरते. दुसऱ्या कोणाला कळणारही नाही. तुला कळली असती."

तेप्पेई गाडीत तसाच बसून राहिला. त्याला वाटलं, वारा थांबला आहे.

"कळली होती," तो म्हणाला.

यासुकोची-साननी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"खरंच कळली होती, यासुकोची-सान. तिन्ही फेऱ्यांत. उजवीकडे, इथे. मला वाटलं, मलाच..." पुढचं सांगायचं तर इतक्या महिन्यांचं खोटं सांगावं लागलं असतं. त्याने तेही सांगितलं. मे महिन्यापासूनचं सगळं, भाजल्याच्या जखमेसकट, पट्ट्यात जखडलेल्या अवस्थेत, हेल्मेटसुद्धा न काढता. बोलता बोलता त्यालाच ऐकू येत होतं, की हे पकडल्या गेलेल्या माणसाचं बोलणं आहे. आधी काहीच नाही म्हणायचं, उत्तर ऐकायचं, आणि मग हो, तेच मला वाटलं होतं म्हणायचं. अशी माणसं त्याने स्वतः पाहिली होती, आणि त्यांना हसलाही होता.

तोबिता-सान जवळ आले. त्यांनी हात पुढे करून त्याला बाहेर यायला आधार दिला, आजाऱ्याला देतात तसा. "हो, हो," ते म्हणाले. "वाटलं असेल. फार सोसलंस. आता विश्रांती घे, तेप्पेई."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याने पाय धरले असते. त्या मायेपुढे त्याला काही करता येईना. तो रीतीप्रमाणे प्रत्येकासमोर जाऊन वाकला, मेकॅनिकांसमोरही. त्यांतला सगळ्यांत जुना, सोनेरी उशी ज्याची कल्पना होती तो, त्याच्याहून खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

घरी चिनात्सु स्वयंपाकघरात मुळा किसत होती. चाचणी कशी झाली, हे तिने विचारलं नाही. तो जेवल्यावर आपणच सांगेल, असं तिला वाटलं असावं. तिने हात धुतले, पुसले, आणि नेहमीसारखा त्याला पालथं झोपायला सांगून सदरा वर केला. मलमाचं बोट जखमेला टेकलं.

तेप्पेई कळवळला. त्याचा सबंध देह चटईवरून उडाला.

"दुखलं?" चिनात्सु म्हणाली. तिने पुन्हा बोट टेकवलं. तो पुन्हा कळवळला. "दुखलं! दुखतंय तुला!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "सकाळीच मला शंका आली होती. माझे हात गार आहेत म्हणालास ना, तेव्हाच. तुझं मन चाचणीत होतं, उगाच आशा कशाला लावा, म्हणून मी बोलले नाही." ती मलमाच्या हातांनीच डोळे पुसायला गेली आणि थांबली. "ऐक. आता लपवायचं काही कारण नाही. आत्ताच्या आत्ता तोबिता-सानना फोन कर. सांग त्यांना, की मला कळायला लागलं आहे."

तेप्पेईने तोंड चटईत खुपसलं होतं. जखम जळत होती, तळहाताएवढी, कडेकडेने, प्रत्येक कड वेगळी कळत होती.

"सांगितलं," तो म्हणाला.