तळ्याकाठचे आठ दिवस

आई जाऊन तीन आठवडे झाले, तेव्हा भिंगरीने ब्लॉग बंद करायचं मनावर घेतलं. भिंगरी हे घरचं नाव. लहानपणी पाय एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं. ब्लॉगवरही तिने तेच लावलं होतं.

खरं तर परदेशातल्या सहा वर्षांत भिंगरी फारशी फिरलीच नाही. दिवसभर विमा कंपनीत लोकांच्या अपघातांचे कागद तपासायचे, रविवारी तळघरातल्या वॉशिंग मशीनपुढे नंबर लावायचा, आणि खोलीच्या एकुलत्या खिडकीतून समोरच्यांचा एक्झॉस्ट फॅन बघायचा. वर्षातून दोनदा कुठे जाणं होई. पण एका सहलीचे ती सहा-सात लेख करी, ताकात पाणी घालून वाढवावं तसे, आणि पुढच्या तारखा लावून ठेवी. दर रविवारी सकाळी लेख आपोआप प्रसिद्ध होई. प्रत्येकाची सुरुवात 'आज'ने. वाचकांना 'आज' आवडतं, हे तिला पक्कं कळलं होतं. त्या वाचकांत आईही आहे, हे मात्र तिने कधी मनात धरलं नव्हतं.

पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आईला दवाखान्यात ठेवलं, त्या रविवारी भिंगरी ब्लॉगवर डोंगरातल्या तळ्याकाठी होती. 'आज पोचले, आता आठ दिवस मुक्काम इथेच.' आईने बाबांना बजावलं, साधं ऑपरेशन आहे, पोरीच्या सुट्टीचा विचका नको, परत आली की सांगू. बुधवारी, बाबा औषधं आणायला खाली गेले असताना, तिने स्वतःच फोन लावला. आवाज बसला होता. सर्दी झालीय म्हणाली.

"तू सावकाश फिरून ये. मग बोलू."

भिंगरी खोलीत इस्त्री करत होती. 'कुठलं फिरणं?' अगदी जिभेवर आलं होतं. मग तळं आठवलं, आणि तिला लाज वाटली.

"हो, बोलू," ती म्हणाली.

शुक्रवारी जंतू रक्तात पसरले. शनिवारी बाबांचा फोन आला तेव्हा सांगण्यासारखं एकच वाक्य उरलं होतं.

भिंगरी घरी परतली. ब्लॉग बंद करायचं ठरवलं त्या दिवशी सकाळी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, येऊन तोंडसुख घेऊन गेली. आम्ही इथे सलाइनचे थेंब मोजत होतो आणि बाईसाहेब होडी वल्हवत होत्या, म्हणाली. बाबांनी तिलाही तेच ऐकवलं, जे ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होते: डोंगरात रेंज नव्हती, पोरीचा काय दोष? शुक्रवारी त्यांनी लावलेला फोन लागला नव्हता, तो त्यामुळेच, असं ते धरून चालले होते. खरं तर भिंगरीचा फोन बंद करून कचेरीतल्या कपाटात ठेवलेला होता. कामाच्या वेळी तो तिथेच ठेवायचा नियम होता.

आत्या गेल्यावर भिंगरीने निरोपाचा लेख बाबांपुढे ठेवला. त्यात सगळं होतं. तारखा, इस्त्री, कपाट. बाबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"म्हणजे तू खोलीवर होतीस."

"हो."

"तिला माहीत होतं?"

"नाही. बुधवारी तिचा फोन आला होता. तेव्हाही नाही सांगितलं."

बाबांनी लेखाकडे बोट केलं.

"आणि हे आता जगाला सांगणार. तुझं ओझं उतरेल. मी बारा जणांना सांगून बसलोय, रेंज नव्हती म्हणून. त्यांना काय तोंड दाखवू?"

"ते खोटं होतं, बाबा."

"तुझं खोटं होतं. मी खरं समजून सांगितलं."

तिने लेख पुसला. त्या जागी तीन वाक्यं लिहिली: फिरणं पुरे झालं. आता घरी आहे. इतकी वर्षं सोबत केलीत, आभार.

बाबांनी वाचलं. 'आभार'च्या आधी 'मनापासून' घाल म्हणाले. तिने घातलं आणि लेख प्रसिद्ध केला. अर्ध्या तासात साठ जणांच्या शुभेच्छा आल्या.

दुपारी घरातली साखर संपली. चपला घालताना तिने सांगितलं, वाण्याकडे जाऊन येते. बाबांनी मान हलवली. मग ते गॅलरीत गेले, आणि ती खरंच वाण्याच्या बाजूला वळते का, ते पाहत उभे राहिले.