पुढचं अक्षर

“हेही नको,” बाई म्हणाल्या आणि हातातलं पुस्तक त्यांनी डावीकडच्या ढिगावर ठेवलं.

शाळा केव्हाच सुटली होती. पहिलीच्या वर्गात, बुटक्या बाकांच्या मधल्या जागेत, बाई सतरंजी टाकून बसल्या होत्या. शेजारचं पुस्तकांचं कपाट अर्धंअधिक रिकामं झालं होतं. शिपाई मावशी वर्ग झाडायला आल्या आणि हा पसारा बघून दारातच थबकल्या.

“फाटलीत का सगळी?”

“फाटली असती तर चिकटवली असती. यांच्यात आई आहे.”

मावशींना आधी काही उमजलं नाही. मग उमजलं, तशा त्या सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या.

“भिंगरीसाठी?”

“उद्यापासून येतेय ती.”

भिंगरी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पोर एका जागी म्हणून बसायची नाही. पेन्सिलला टोक करायला उठायची ती सगळ्या वर्गाच्या पेन्सिली गोळा करून यायची. तिची आई तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आज दुपारी ते कामावरूनच, खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून शाळेत आले होते. ओणवं होऊन एखाद्या यंत्राशी बोलावं तसं, बाईंच्या टेबलाकडे बघत बोलले होते.

“एकच विनंती आहे, बाई. तिच्यासमोर आईचा विषय नको. घरीही आम्ही काढत नाही. फोटो उतरवून ठेवलेत. माझी बहीण आलीय राहायला, तिलाही सांगून ठेवलंय. लहान आहे, हळूहळू विसरेल.”

बाई “बरं” म्हणाल्या होत्या. अशा माणसाला दुसरं काय म्हणणार?

पण मुलांच्या पुस्तकांत आई किती असते, हे इतकी वर्षं पहिली शिकवूनही त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कोंबडीच्या पिल्लाला आई, हत्तीच्या पिल्लाला आई, हरवलेला मोजा सापडायचा तरी आईच हवी. बाबा क्वचित, तेही बहुधा शेवटच्या पानावर, ऑफिसातून घरी येताना. भिंतीवरच्या तक्त्यातसुद्धा ‘आ’च्या शेजारी पदर खोचलेली आई हसत उभी होती. बाईंनी तिच्यावर आरशाचं चित्र चिकटवून टाकलं.

उजव्या ढिगात उरलं काय, तर क्रेन, गोगलगाय, ढग कसे बनतात, आणि गोल-चौकोनांचं एक पुस्तक, ज्याला आजवर कुणी बोट लावलेलं नव्हतं.

“एवढीच?” मावशी म्हणाल्या.

“एवढीच,” बाई म्हणाल्या. डावा ढीग दोघींनी मिळून नकाशांच्या खोलीत नेऊन ठेवला.

हे कपाट म्हणजे बाईंची आयुष्यभराची कमाई होती. शाळेकडून मिळायचं ते एकच पाठ्यपुस्तक. त्यातले धडे मुलं पाठ करायची, पण वाचायची नाहीत. मग बाई स्वतःच पुस्तकं धुंडाळायला लागल्या. जुन्या बाजारातून, रद्दीच्या दुकानांतून, कुणाची मुलं मोठी झाली असतील त्यांच्या घरांतून. आणलेलं प्रत्येक पुस्तक त्या आधी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायच्या. नवरा समोर भाजी चिरत बसलेला असायचा. वाचता वाचता त्याची सुरी थांबली तर पुस्तक पास. भाजी चिरून संपली तर नापास. कचेरीतून निवृत्त झालेला तो माणूस चारचौघांत सांगायचा, “मी अजून पहिलीतच आहे. बाई वर ढकलतच नाहीत.” बाईंनाही वरचे वर्ग घ्या म्हणून मुख्याध्यापकांनी कितीदा तरी सांगून पाहिलं होतं. त्यांनी घेतले नाहीत. न वाचणारं मूल वाचायला लागतं तो क्षण पहिलीतच बघायला मिळतो, आणि त्यांना त्याची चटक लागली होती.

आणखी एक सवय त्यांना होती. मोठ्याने वाचताना नको असलेले शब्द त्या बेमालूम बदलायच्या. अवघड शब्द सोपा करायच्या, लांडगा फारच क्रूर निघाला तर त्याला थोडा आळशी करायच्या. मुलांना कधी पत्ता लागत नसे, आणि बाईंना या कसबाचा मनातून जरा अभिमानच होता.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली आणि जागेवर बसली. बसली ती बसूनच राहिली.

ती आधीही वाचनात अडायची, अक्षरांत नाही. अक्षरं सगळी यायची. पण पहिलं अक्षर दिसलं की ती पुढचं बघायचीच नाही, अंदाजाने शब्द ठोकून द्यायची. ‘गा’ दिसला की गाय, मग तिथे गाडी असो की गाढव. “अगं, पुढचं अक्षर बघ की!” बाई म्हणायच्या, आणि ती हसून दुसरंच काहीतरी ठोकायची. आता तिने ठोकणंही सोडलं. बाईंनी क्रेनचं पुस्तक दिलं, तिने ते उघडलं आणि वाचनाचा तास संपेपर्यंत एकच पान समोर ठेवून बसली. गोगलगायीचंही तसंच. ढगांचंही.

“आवडत नाहीये का गं?” एके दिवशी बाईंनी तिच्याजवळ बसून विचारलं.

तिने पुस्तक मिटलं. “या पुस्तकात कुणी राहतच नाही,” ती म्हणाली.

बाई ते पुस्तक घेऊन टेबलाकडे परतल्या.

बाकीची मुलंही कुरकुरायला लागली होती. वर्गात एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणायचे. तोच एका दुपारी उभा राहिला. “बाई, उंदराचं पुस्तक कुठे गेलं? बुटांचं?”

“ठेवलंय आत.”

“का पण? आम्ही काय केलं?”

“उंदराचं! उंदराचं!” वर्गाने गिल्ला केला. बाईंनी भिंगरीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी बाईंनी हार मानली. नकाशांच्या खोलीत जाऊन त्यांनी ते पुस्तक काढलं आणि येता येताच ठरवलं, वाचताना आई म्हणायचंच नाही. आजी म्हणायचं. सुरुवात तीच, शब्द तेवढाच लांब. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

उंदराच्या एका पिल्लाला मोठ्यांचे बूट घालून बाहेर फिरायचं असतं, अशी ती गोष्ट. बाईंनी पुस्तक मुलांकडे वळवून धरलं आणि वाचायला लागल्या.

“पिल्लू म्हणालं, मला मोठे बूट हवेत. आजी म्हणाली, आधी पाय वाढू दे.”

एरवी इथे हशा व्हायचा. आज झाला नाही. बाईंनी पान उलटलं.

“पिल्लू म्हणालं, मी पळून जाईन. आजी म्हणाली, जेवून जा.”

पुढचं पान उलटलं तोवर भिंगरी जागेवरून उठली होती. बाकांमधून वाट काढत ती पुढे आली आणि पुस्तकाच्या अगदी जवळ उभी राहिली.

“बाई, आजी नाहीये.”

“काय गं?”

“इथे आजी नाहीये. आ आहे. पण पुढे जी नाही, पुढे ई आहे.” तिने त्या अक्षरावर बोट ठेवलं. “आई आहे.”

 वकील मान खाली घालून बाकाची कड खरवडत होता. तेव्हा बाईंना कळून चुकलं. हे पुस्तक अर्ध्या वर्गाला तोंडपाठ होतं. पहिल्या पानापासून मुलांना सगळं समजलं होतं, आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

दुसरं कुठलंही मूल असतं, दुसरा कुठलाही शब्द असता, तर बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. या पोरीने आज पहिल्यांदा पुढचं अक्षर बघितलं होतं. ती वाचायला लागली होती.

“बरोबर आहे,” बाई कशाबशा म्हणाल्या. “मी चुकीचं वाचत होते.”

“मग परत वाचा. पहिल्यापासून.”

बाईंनी पहिल्यापासून वाचलं. आई म्हणाली, आधी पाय वाढू दे. आई म्हणाली, जेवून जा. मुलं आता हसली, आधी बिचकत, मग मोकळी होऊन. भिंगरी हसली नाही, रडलीही नाही. ती बाईंच्या कोपराला टेकून उभी होती आणि बाईंबरोबर तिचे ओठ हलत होते.

शाळा सुटताना ती म्हणाली, “हे घरी नेऊ?”

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. तो कोबी चिरत होता. “मी तिच्या बाबांना शब्द दिलाय हो,” त्या म्हणाल्या. “आणि पोरगी तर माझ्या तोंडाकडे बघत होती, ही आपल्याला फसवते म्हणून.”

नवऱ्याने चिरलेला कोबी बाजूला सारला. मग म्हणाला, “माझी आई गेली तेव्हा मी चांगला पन्नाशीचा होतो. कचेरीतले लोक माझ्यासमोर विषय टाळायचे. चांगल्या मनानेच टाळायचे. मला मात्र रोज वाटायचं, कुणीतरी काढावा.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“तूही टाळायचीस.”

त्याने सुरी खाली ठेवली होती. बाईंनी ती उचलली आणि उरलेला कोबी स्वतः चिरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक भिंगरीच्या दप्तरात घातलं. शाळा सुटल्यावर तक्त्यावरचं आरशाचं चित्र सोलून काढलं आणि मावशींना घेऊन डावा ढीग परत कपाटात लावला.  पुस्तकं लावताना मावशी प्रत्येकावरून पदर फिरवत राहिल्या.

त्याच्या पुढच्या दिवशी शाळा सुटायच्या सुमारास वडील आले. मुलं रांगेने बाहेर पडेपर्यंत ते व्हरांड्यात थांबले. भिंगरी पाणी प्यायला नळावर गेली होती. आत आल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवलीच नाही.

“मी एकच गोष्ट मागितली होती, बाई.”

“हो.”

“काल संध्याकाळभर घरात तेच. आई म्हणाली, आई म्हणाली. माझी बहीण आत तोंडात पदर कोंबून रडतेय. मी शेवटी जिन्यात जाऊन बसलो. तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना मी?”

“सांगितलं होतं. मी तसं करूनही बघितलं,” बाई म्हणाल्या. “आईच्या जागी आजी वाचलं. तिने मला अडवलं. म्हणाली, पुढे जी नाही, ई आहे. तिचं तिने वाचलं हो. आता तिला तो शब्द येतो. आलेलं अक्षर मी परत कसं काढून घेऊ?”

“दुसरी पुस्तकं नाहीत?”

“आहेत. क्रेनचं आहे. ते तिने उघडून ठेवलं आणि मिटलं.” बाईंनी टेबलावरच्या वह्या सारख्या केल्या. “वाचायला शिकवायचं आणि एवढा एक शब्द सोडून शिकवायचं, हे मला नाही जमणार. तुम्हाला तक्रार करायची असेल तर मुख्याध्यापक आत आहेत. मी जे केलं तेच त्यांना सांगेन.”

वडिलांचा खांदा खाली आला. पिशवी घसरली, आतली हत्यारं खणखणली. ते खिडकीजवळच्या बाकावर टेकले. ते बाक इतकं बुटकं होतं की त्यांचे गुडघे छातीला लागले.

“तिचं काही नाही हो, बाई,” ते म्हणाले. “ती वाचते नि झोपून जाते. मलाच ऐकवत नाही.”

एवढ्यात ओल्या हातांनी भिंगरी आली. वडिलांना वर्गात बघून तिला हसू फुटलं. “बाबा, तू माझ्या बाकावर बसलायस!”

“निघायचं?” त्यांनी विचारलं.

“थांब ना. काल तू ऐकलंच नाहीस. बाहेर गेलास.” तिने फ्रॉकला हात पुसून दप्तरातून पुस्तक काढलं. “आपण जोडीने वाचू. बाई आम्हाला तसंच बसवतात. एक ओळ माझी, एक ओळ तुझी.”

वडिलांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पोहता न येणाऱ्या माणसाने काठावरच्या माणसाकडे बघावं, तशी ती नजर होती. बाईंना वाटलं, आपण म्हणावं, आज राहू दे. त्या म्हणाल्या नाहीत. टेबलावरच्या वह्या उचलून त्या व्हरांड्यात आल्या आणि दार त्यांनी नुसतं लोटून घेतलं.

आतून भिंगरीचा आवाज आला. “पि-ल्लू म्ह-णा-लं, म-ला मो-ठे बूट ह-वेत.” थांबत, पण न ठोकता. “आता तुझी ओळ.”

आतून काहीच ऐकू येईना. मैदानावर मोठ्या वर्गातल्या मुली दोरीच्या उड्या मारत होत्या, त्यांची थाप तेवढी ऐकू येत होती. मूल अडलं की बाईंच्या ओठांवर तो शब्द आपोआप येई. आताही आला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मावशी झाडू घेऊन आल्या आणि दाराला हात लावणार, तोच बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

“वाच ना बाबा. सोपं आहे.”

“आई,” आतला पुरुषी आवाज म्हणाला.  “आई म्हणाली, आधी पाय वाढू दे.”

“बरोबर,” भिंगरी म्हणाली. “आता माझी.”

मावशींनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याही तिथेच, बाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या.