वेताचा पट्टा

खारू राळेच्या झाडावरून पडून गेला त्याला बरेच दिवस झाले, तरी त्याच्या बहिणीच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं.

खारू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून झाडावर सरसर चढायचा, म्हणून वस्तीनं ते चिकटवलं आणि पुढं सासुरवाडीच्या माणसांनीही तेच उचललं. बहीण त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला अंगाखांद्यावर वाढवला. तिला सगळे ताई म्हणत, वयानं तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. तिचं काम एकच, झाडावर चढणाऱ्यांसाठी वेताचे पट्टे विणायचं.

राळेची झाडं सरळसोट वाढतात. पहिली फांदी घरावर घर चढवावं तेवढी उंच. आजोबानं लावायचं आणि नातवानं राळ काढायची, इतका त्यांना वेळ लागतो. खोडाला खालपासून वरपर्यंत तिकोनी खाचा पाडतात. जखम भरून काढायला झाड चिकट पाझर सोडतं, तो हवेनं सुकतो आणि काचेसारखा घट्ट होतो. तीच राळ. कुणी ती जाळून सुगंधी धूर करतं, कुणी तिचं रोगण करून लाकडाला चमक आणतं, होडीवाले ती तेलात कढवून फटी बुजवतात. चढणारा त्याच खाचांत पाय रोवत वर जातो. त्याची कंबर आणि खोड दोन्हींना मिळून पट्ट्याचा वेढा असतो. पट्ट्यावर रेलायचं, हात मोकळे ठेवायचे, राळ खरवडून टोपलीत टाकायची, खाच जराशी ताजी करायची आणि पुढं सरकायचं.

खारूचा पट्टाही अर्थात ताईनंच विणलेला.

तो पडला तेव्हा जवळपास कुणी नव्हतं. शेजारच्या बागेतल्या माणसांना तो झाडाखाली सापडला. पट्टा मात्र सापडला नाही. तुटून झाडोऱ्यात कुठंतरी उडाला असणार, असं सगळ्यांनी मनातल्या मनात धरून टाकलं. ताईसमोर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

ती पुन्हा कामाला बसली. वेत भिजत घालायची, सुरीनं उभा चिरायची, पट्ट्या गुडघ्यावर घासून गुळगुळीत करायची, मग विणायची. हात आपले आपण चालत. भूक लागली की नाही ते कळत नसे, म्हणून जेवायची वेळ झाली की जेवत असे. बोटात वेताची चीर घुसली तर रक्त दिसल्यावर तिला समजायचं. भेटायला आलेल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. रडून मोकळी हो गं, असं एकीनं सुचवलं. ताई म्हणाली, "बघते." जसं काही कुणी घरातलं एखादं राहिलेलं काम सांगितलं होतं.

नवे पट्टे भिंतीवर खिळ्याला टांगले जात होते. न्यायला मात्र कुणी येत नव्हतं. चढणारे जुन्याच पट्ट्यांना गाठी मारून भागवत होते. तिच्या दारावरून जाताना रामराम करायचे, हवापाण्याचं बोलायचे, पुढं व्हायचे. ताईला त्याचा राग आला नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही असंच केलं असतं, एवढं तिला कळत होतं.

खारूचं घर त्याच अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. भावजय सकाळी राळ निवडायच्या कारखान्यात जायची, संध्याकाळी यायची. पाणी भरताना दोघी समोरासमोर आल्या तर "भरलंत का?" "भरलं," एवढंच. पूर्वी तिची बडबड संपता संपत नसे. ताईला वाटे, हिच्या मनात आहे ते एकदा बोलून टाकेल तर बरं. पण ती बोलत नव्हती.

एका दुपारी वस्ताद आले. वस्तीतल्या चढणाऱ्यांतले सगळ्यांत जुने. निम्म्या वस्तीला झाडावर चढायला त्यांनीच शिकवलेलं. आता गुडघे बोलायला लागले म्हणून ते फारसे वर जात नसत. काखेत पोतं गुंडाळलेलं होतं.

"बस म्हणत नाहीस?" ते म्हणाले.

"बसा ना."

ते भिंतीला टेकून बसले. थोडा वेळ गुडघे चोळले. मग म्हणाले, "त्या झाडाला कुणी हात लावत नव्हतं. खाचा भरून राळ खाली ओघळायला लागली होती. म्हटलं, असं सोडून चालायचं नाही. आज मीच चढलो. वर जाईपर्यंत सगळी देवमंडळी आठवली."

त्यांनी पोतं उलगडलं. आत पट्टा होता.

"कुठं होता?"

"फांदीखालच्या शेवटच्या खाचेच्या वर. फांदीच्या खुंटाला अडकवलेला. खालून पानांत दिसत नाही."

ताईनं पट्टा मांडीवर घेतला. ऊनपावसानं काळपट झाला होता, जागोजागी राळ चिकटलेली. तिनं तो खिडकीशी नेला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पेड बोटांखालून घातला. एकही तुटला नव्हता. गाठ ओढून निसटली नव्हती, हातानं सोडलेली होती, आणि मोकळी टोकं नीट एकावर एक ठेवून पट्टा खुंटावर टाकला होता. काम झाल्यावर परत बांधायचा, अशा बेतानं.

"फांदीच्या वर आणखी एक खाच आहे," वस्ताद म्हणाले. "फांदी आडवी येते, पट्टा तिच्यावरून जात नाही. सोडून गेला असणार. हजारदा सांगितलं होतं मी. तुझ्या पट्ट्याचा काही दोष नाही, ताई."

"हो."

"मी सगळ्यांना सांगतो."

"सांगा."

ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. छातीवरचा दगड उतरेल, निदान एक सुस्कारा तरी सुटेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ताईलाही तशी अपेक्षा होती. ती वाट बघत उभी राहिली. काहीच आलं नाही. शेवटी तिनं त्यांना पाणी दिलं आणि ते गेले.

भावजय कामावरून आली तेव्हा ताई पट्टा घेऊन तिच्या घरी गेली. भावजय हातांना तेल चोळत होती. बोटांवरची राळ तेलाशिवाय निघत नाही. पट्टा बघून तिचे हात थांबले.

"झाडावर होता," ताई म्हणाली. "सोडून ठेवलेला."

भावजय खाली बसली. मग म्हणाली, "ते सोडायचे. मला माहीत होतं."

"तुला सांगितलं होतं त्यानं?"

"हसत सांगायचे. ताईला कळलं तर कान उपटेल म्हणायचे. मीही हसायचे." तिनं हात पदराला पुसले. "मला वाटत होतं, या वेळी तरी पट्टा तुटलेलाच असू दे. तुटला असता तर..."

"तर माझ्यावर आलं असतं."

"हो," भावजय म्हणाली. मान खाली नव्हती घातली तिनं. "म्हणून तुमच्याशी बोलवत नव्हतं."

ताई तिच्याजवळ टेकली. "मलाही तसंच वाटत होतं. तुटला असता तर काय करायचं ते मला माहीत होतं. विणायचं सोडून दिलं असतं. रोज स्वतःला शिव्या घातल्या असत्या. आता काय करायचं ते कळत नाही."

भावजय रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वतःच्या डोळ्यांत काही येतंय का ते पाहिलं. डोळे कोरडेच होते. हात मात्र तिनं काढला नाही.

रडणं ओसरल्यावर भावजय म्हणाली, "त्यांची झाडं अशीच राहिली तर खाचा बुजतील. मी चढणार आहे."

"तू?"

"माहेरी चढायचे मी. लग्नाआधी. वस्ताद सोबत येतो म्हणालेत. पट्टा हवाय."

भिंतीवर इतके पट्टे टांगलेले होते, पण सगळे पुरुषांच्या मापाचे. नाही म्हणावं असं ताईच्या तोंडाशी आलं होतं. पण ती उठली, घरातून दोरी आणली आणि भावजयीच्या कमरेभोवती गुंडाळून माप घेतलं. फार वाळली होती पोरगी.

"जेवतेस का?" ताईनं विचारलं.

"तुम्ही जेवता का?"

पट्टा विणून झाला तशा दोघी बागेत गेल्या. वस्ताद एका दगडावर बसून हुकूम सोडत होते. भावजयीनं ते झाड सोडून शेजारचं, जरा बुटकं झाड निवडलं होतं. तिनं पट्टा बांधला, ताईनं गाठ ओढून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि ती चढू लागली. पहिल्या खाचेवर सुरी बसली तसा ताज्या राळेचा लिंबासारखा वास खाली आला. वस्ताद "वा" म्हणाले. ताईला वास आला, बस्स, आला एवढंच. ती वर बघत राहिली.

"पट्टा सोडू नकोस," तिनं हाक दिली.

"नाही सोडत."

जरा वेळानं पुन्हा, "सोडला नाहीस ना?"

"नाही हो, ताई."

"अगं तिला काम करू दे की," वस्ताद म्हणाले. "तुझ्या हाकेनंच दचकून पडेल ती."

ताई गप्प झाली, पण नजर खाली घेतली नाही. भावजय उतरली तेव्हा टोपली जेमतेम अर्धी भरली होती आणि तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. ताईला मान हलवता येईना. मानेपासून खांद्यापर्यंत सणसणीत कळ आली, आणि तिच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

"काय झालं?" भावजयीनं विचारलं.

"मान दुखतेय."

"घरी गेल्यावर तेल लावून देते."

"दे," ताई म्हणाली. तिनं टोपली उचलून कडेवर घेतली. वस्ताद पुढच्या झाडाकडं निघालेच होते. त्या दोघीही त्यांच्या मागून चालू लागल्या.