सगुणाच्या काळजातला मजूर

मी एक जुना मजूर आहे, मित्रांनो, आणि खरं सांगू का, फार दमलो आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. शाळेतल्या भिंगातून कितीही निरखून पाहिलंत तरी मी दिसायचा नाही. तरी हे वाचताना तुमचं काळीज धडधडतंय ना, ते आमच्याच जिवावर. पुस्तकात आम्हाला 'विकर' म्हणतात, इंग्रजीत एन्झाइम. ते नाव फार मागाहून मिळालं. मी ज्या काळातली गोष्ट सांगतोय, तेव्हा आम्हाला नावच नव्हतं, मग विचारतो कोण!

आधी माझं काम सांगतो. तुम्ही भात खाता, पोटात त्याची साखर होते आणि रक्तातून ती पेशीपेशीत पोचते. तिथे माझे भाऊबंद ओळीने उभे असतात. एक जण तिला धरतो, दुसरा वळवतो, पुढचा फोडतो. असं होत होत तिचे तुकडे माझ्याकडे येतात. माझी जागा पेशीतल्या एका चिमुकल्या खोलीत, तंतुकणिकेत. मी तुकड्याचा टोकाचा भाग काढून टाकतो आणि उरलेला आतल्या चक्रात ढकलतो. चक्र फिरलं की बळ तयार होतं, त्या बळावर काळजाचा ठोका पडतो. मग लगेच पुढचा तुकडा. सण नाही, वार नाही. आमच्यातला एक झिजून गेला की त्याच साच्यातून दुसरा उभा राहतो, आणि पहिल्याचा शीणही बहुधा त्याच्याच वाट्याला येतो.

एक गोष्ट मात्र मला एकट्याला जमत नाही. तुकडा फोडायला मला जोडीदार लागतो. तो अंगात तयार होत नाही, अन्नातूनच यावा लागतो. आज त्याला ब-एक जीवनसत्त्व म्हणतात. तांदळाच्या दाण्यावर तांबूस कोंडा असतो, त्यात तो असतो. कडधान्यात असतो, मासळीतही थोडाफार सापडतो. पण अंगात तो फार दिवस मुक्काम करत नाही. रोज थोडा आला तरच माझं चालतं.

मी होतो सगुणाच्या काळजात. सगुणा म्हणजे कोपरीच्या कोळ्यांची सून, दामाजीची बायको. ठाण्यात आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण खाडीकाठच्या माणसांचा भरवसा अजून होडीवरच होता. दामाजी जाळं टाकायचा आणि सगुणा डोक्यावर पाटी घेऊन पार नौपाड्यापर्यंत मासळी विकायची. घरी उखळात कांडलेला लालसर तांदूळ, कालवण आणि कधी कुळथाचं कढण. काम ढीगभर असायचं, पण जोडीदारही मुबलक होता. मी तेव्हाही कुरकुर करायचो. तो माझा स्वभावच आहे. पण ते दिवस सुखाचे होते, हे आता कळतं.

सगुणाचं पहिलं बाळंतपण माहेरी, कल्याणच्या खाडीवर झालं होतं. ते मूल तापाने गेलं. कुणाचा काही दोष नव्हता हो! पण सगुणाची सासू जनाबाई, तिच्या मनाने एकच धरलं. "मायेरचा जाडाभरडा खाल्ला, दूध बिगडला नि पोर गेला." दुसऱ्या खेपेला तिने सुनेला माहेरी पाठवलंच नाही. दुधाने तोंड पोळलेली बाई, आता ताकही फुंकून पिणार.

मुलगा झाला. जनाबाईने मुंबईहून खास रंगूनचा तांदूळ आणवला. यंत्रावर घासलेला, मोगऱ्यासारखा पांढरा. शेजारणी बघायला आल्या. जनाबाई मूठ भरून दाखवायची, "माज्या सुनंच्या पोटात कोंड्याचा कन जानार नाय." तो तांदूळ ती पाणी नितळ होईपर्यंत धुवायची, भात शिजला की पेज ओतून टाकायची आणि वर तुपाची धार धरायची. डाळ वातूळ म्हणून बंद, मासळी बाधेल म्हणून बंद. बाळंतिणीला असंच जपतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्या बाईने किती मायेने ते केलं, ते मी जाणतो. माझ्या जोडीदाराचं येणं मात्र थांबलं.

पहिल्यांदा मला वाटलं, येईल उद्या. मग रांग तुंबायला लागली. मासळीच्या पाट्या येतच राहाव्यात आणि उचलणारा कुणी नसावा, तशी माझी गत झाली. साखरेचे तुकडे माझ्यापुढे साचले, त्यांचं आम्ल व्हायला लागलं. आतलं चक्र मंदावलं. सगुणाच्या पायांना मुंग्या आल्या, पावलं सुजली, चार पावलं चाललं तरी धाप लागायला लागली. काळीज नुसतं धावत होतं आणि धावायला बळ नव्हतं. सगुणा म्हणायची, "आत्याबाय, छातीत कसातरी होतंय." जनाबाई घाबरायची आणि आणखी भात वाढायची. जितका भात जास्त, तितकं माझं काम जास्त. अगं बाई, पुरे गं, असं मी किती वेळा म्हटलं असेन! माझं कोण ऐकणार?

सगुणाच्या दुधातही तो जोडीदार उरला नव्हता. बाळ आधी फार किरकिर करायचं. मग हळूहळू गप्प झालं. जनाबाईला केवढा आनंद झाला! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "गुनाचा गो आमचा पोर, आवाज म्हनून नाय." शेजारणी कौतुक करायच्या, बाळाची दृष्ट काढायच्या. मी आतून ऐकत होतो आणि माझी कीव मलाच येत होती.

एका सकाळी कल्याणहून होडीने सगुणाची आई आली, तुळसा. बरोबर घरी कांडलेल्या तांदळाचं गाठोडं आणि कुळीथ. जनाबाईने गाठोडं उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावलं. "रागवू नका, विहीनबाय. पन एकदा भोगलाय आमी." तुळसाने तो अपमान गिळला. नातीगोती सांभाळायची असतात, आणि लेक त्या घरात होती. तुळसा बाळाजवळ जाऊन बसली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "विहीनबाय, हिकडं या जरा."

"काय झाला?"

"ह्यो गप नाय. ह्यो रडतंय."

जनाबाई हसली. "कायतरीच! आवाज कुठं हाय?"

"आवाज नाय. तोंड बगा."

जनाबाई वाकली. बाळाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. कपाळाला आठ्या, मुठी आवळलेल्या, डोळ्यांच्या कडा ओल्या. सगळं रडणं होतं, फक्त आवाज नव्हता. जनाबाईने कान त्याच्या ओठांना लावला. आत नुसती हवा घरघरत होती; जोडीदाराविना गळ्यातल्या नसाच दुबळ्या पडल्या होत्या. किती दिवस हे लेकरू असं रडत होतं, आणि आपण दारादारात त्याचे गुण गात होतो, हे तिला त्या घटकेला समजलं. सगुणाने अंथरुणावरून उठायचा प्रयत्न केला, पण तिचे पाय उचललेच नाहीत.

"मी जपला गो ह्येला," जनाबाई म्हणाली. "किती जपला! माज्याच हातानं..."

तुळसाने टोमणा मारला नाही. तिला मारता आला असता. ती एवढंच म्हणाली, "तुमी सगला करून बगलाव. आता दोन दिस माज्या हातचा खाऊ दे तिला."

जनाबाई उठली. उंबऱ्याबाहेरचं गाठोडं तिने स्वतः आत आणलं आणि चूल पेटवली. लाल तांदळाची पेज, पाणी न काढता. कुळथाचं दाट कढण. सासूने चमचा धरला आणि आईने लेकीची पाठ. दोघींपैकी कुणालाच माझी माहिती नव्हती. कोंड्यात काय असतं, हेही ठाऊक नव्हतं. एकीने हट्ट सोडला होता आणि दुसरीने राग, बस्स.

आणि तो आला, मित्रांनो. माझा जोडीदार. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही दोघे कामाला लागलो. तुंबलेला ढीग हळूहळू हलला, चक्राने एक वळसा घेतला, मग दुसरा. सगुणाचं काळीज धावायचं थांबून चालायला लागलं. ती भिंत धरून उभी राहिली. दुधात बळ आलं, बाळ ओढून प्यायला लागलं. आवाज मात्र येईना. जनाबाई त्याच्याजवळून हलायची नाही. खाणंपिणं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसायची.

मग एका दुपारी बेडकासारखा एक घोगरा सूर निघाला. मागून दुसरा, चांगला खणखणीत. बाळाने असा काही टाहो फोडला की जाळी विणणारी माणसं काम टाकून धावत आली. "काय झाला गो जनाबाय?" जनाबाई दारात उभी होती, पदराने डोळे पुसत होती आणि ओरडून सांगत होती, "रडतंय! आमचा पोर रडतंय!"

माझं नाव कुणीच घेतलं नाही. चालायचंच. मी लगेच पुढचा तुकडा फोडायला घेतला. मित्रांनो, मला हार नको, आराम तर मिळणारच नाही. एवढंच करा, की कुणाला जपाल तेव्हा आपल्या मनातलं वाढू नका, त्याच्या तोंडाकडे बघून वाढा. मी दमलोय हे मला ओरडून सांगता येत नाही, आणि पुष्कळांनाही येत नाही.