जपानची चाचणी फेरी

मिनिटरावांनी जपानच्या चौदा दिवसांचा तक्ता आखला, तेव्हा त्यात जेवायला बावीस मिनिटं ठेवली होती आणि पाय दुखायला एकही नाही.

माणूस तसा वाईट नव्हता. चौतीस वर्षं बस डेपोत बसून वेळापत्रकं आखली की कुणाचंही असंच होईल. कोणती गाडी कितीला सुटणार, कुठे किती थांबणार, कोणता चालक कुठे बदलणार, हे सगळं त्यांच्या पेन्सिलीतून उतरायचं. एखादी फेरी तीन मिनिटं उशिरा आली तर घरी त्यांना घास गोड लागत नसे. 'मिनिटराव' हे नाव चालकांनीच ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की निरोपाच्या समारंभात साहेबांच्या तोंडूनही तेच निघालं. त्यांना जगात खरा राग एकाच शब्दाचा होता, तो म्हणजे 'रद्द'. फेरी रद्द झाली की डेपोच्या वहीत शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागे. टायर, ब्रेक, चालक गैरहजर. कारणाचा रकाना महिनाभर कोरा राहिला की मिनिटरावांना स्वर्ग दोन बोटं उरायचा.

त्यांच्या बायकोला गल्लीतले लोक गोळीबाई म्हणत. एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांनी गल्लीच्या तीन पिढ्यांना गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टरांचं अक्षर आणि नवऱ्याचं मन आपल्याला चष्म्याशिवाय वाचता येतं, असं त्या म्हणायच्या. त्यातलं पहिलं खरं होतं.

उभं राहण्याच्या त्या एकतीस वर्षांचा हिशेब आता उजव्या गुडघ्याने मागायला सुरुवात केली होती. चालणं बेतानं ठेवा, जिने टाळा, असं डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच बजावलं होतं. गोळीबाईंनी घरात ब्र काढला नाही. दुखण्याच्या गोळ्या त्यांनी जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरून ठेवल्या. लेबल वाचून विश्वास ठेवणाऱ्या नवऱ्याला फसवणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ होता.

लपवायला कारणही तसंच होतं. निवृत्तीनंतर मिनिटराव सहा महिने खिडकीत बसून खालून जाणाऱ्या बसच्या वेळा टिपून घेत. कोणी विचारत नव्हतं, कोणाला त्या हव्या नव्हत्या. माणूस वाळत चालला होता. मग एके दिवशी त्यांनी जपान काढलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तिथल्या गाड्या म्हणे सेकंदाला सेकंद वेळेवर येतात. "तुझा बाप माहेरी निघाल्यासारखा नाचतोय," गोळीबाई फोनवर मुलीला म्हणाल्या होत्या. आता गुडघ्याचं सांगावं तर हे सगळं गुंडाळून परत खिडकीत बसणार; न सांगावं तर तिथल्या कुठल्या तरी जिन्यावर आपण बसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती.

तक्ता बघून तर त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. चौदा दिवस आणि अकरा हॉटेलं. अगदी वर होक्काइदो, अगदी खाली क्यूशू, आणि मधे टोकियो, क्योतो आणि आणखी कुठली कुठली नावं, ज्यांना मिनिटरावांनी अठरा-अठरा मिनिटं दिली होती. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. सगळी आरक्षणं तीच करणार होती. "सोमवारी सकाळी करून टाकते," तिने सांगितलं होतं. "त्याआधी काय बदलायचं ते बदला. नंतर माझं डोकं खायचं नाही."

शनिवारी मिनिटरावांनी चाचणी फेरी काढली.

ही डेपोची जुनी रीत. नवं वेळापत्रक लागू करण्याआधी रिकामी बस त्या रस्त्याने फिरवून बघायची, म्हणजे कागद कुठे खोटं बोलतोय ते कळतं. "दिवस चौथा करून बघू," ते म्हणाले. "त्यात तीनदा गाडी बदलायची आहे. तो जमला की सगळं जमलं." घर म्हणजे हॉटेल, आपलं स्टेशन म्हणजे तिथलं स्टेशन, आणि नगर वाचनालय म्हणजे किल्ला, कारण वाचनालयाला बावन्न पायऱ्या होत्या. दोन चाकांच्या बॅगांमध्ये वजनासाठी जुनी वर्तमानपत्रं भरली. सात वाजून दहा मिनिटांनी दोघं बाहेर पडले.

शेजारचा शिंपी दुकान उघडत होता. "काय मिनिटराव, कुठे निघालात?"

"जपानला."

"अरे वा! परत कधी?"

"सव्वा चारला," मिनिटराव म्हणाले आणि घड्याळाकडे बघत पुढे झाले. शिंप्याच्या हातात शटर तसंच राहिलं.

गोळीबाईंनी निघताना एक 'जीवनसत्त्व' घेतलं होतं. पहिल्या गाडीपर्यंत त्यांनी निभावलं. दोन स्टेशनांनंतर उतरायचं, पुलावरून तीन नंबरच्या फलाटावर जायचं आणि आठ मिनिटांत दुसरी गाडी पकडायची. मिनिटराव बॅग घेऊन तरातरा पुढे गेले. वेळ मोजणारा माणूस पुढेच लागतो, असं त्यांचं शास्त्र होतं. गोळीबाईंनी कठडा धरला आणि मोजत चढायला सुरुवात केली. एकोणिसाव्या पायरीवर गुडघ्याने संप पुकारला. पुढची पायरी वीतभर उंच होती, पण ती त्यांना भिंतीएवढी वाटली. बॅगेवरचा हात सुटला आणि वर्तमानपत्रांची ती बॅग धडधड करत खाली गेली.

तीन नंबरवर गाडी आली. मिनिटरावांनी मागे वळून पाहिलं, पुलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. गाडी गेली. हातातल्या कागदावर त्यांनी सवयीने 'चुकली' असं लिहिलं आणि तसेच ते जिना चढून परत आले.

"अगं, चार मिनिटांचा फरक पडला. तू नेमकी कुठे..." बायको पायरीवर बसली होती. कपाळ घामाने भिजलं होतं आणि दोन्ही हातांनी तिने गुडघा धरला होता.

"तुम्ही जा जपानला," गोळीबाई म्हणाल्या. "मी येत नाही."

मिनिटरावांनी खाली जाऊन बॅग आणली, मग एका हातात दोन्ही बॅगा आणि दुसऱ्या हाताला बायको असे एकेक पायरी उतरत ते फलाटाच्या टोकाच्या बाकापर्यंत आले. त्या उतरण्याला किती वेळ लागला हे त्यांनी बघितलं नाही. थर्मासमधला चहा ओतून त्यांनी आधी तिला दिला.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"आणि ती जीवनसत्त्वं?"

"दुखण्याच्या गोळ्या आहेत त्या."

"परवा मी पण घेतली एक. अशक्तपणा वाटत होता."

"म्हणून तर तुमचा खांदा एकदम बरा झाला," गोळीबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्यांना हसूही आलं आणि रडूही आलं.

मिनिटरावांनी खिशातून पेन्सिल काढली. तक्ता मांडीवर पसरला आणि वरच्या कोपऱ्यात, सगळ्या चौदा दिवसांवर, लिहायला सुरुवात केली. 'र' झाला होता तेवढ्यात गोळीबाईंनी त्यांचा हात धरला.

"हेच! म्हणूनच सांगितलं नव्हतं. रद्द करून परत खिडकीत बसणार तुम्ही. मला ते बघवत नाही हो. तुमचं एवढं वेड जपानचं, ते माझ्या एका गुडघ्यासाठी..."

"माझं वेड?" मिनिटराव खरोखरच गोंधळले. "माझं कुठलं? तुझं!"

"माझं? अकरा हॉटेलं मी सांगितली?"

मिनिटरावांनी आपल्या बॅगेचा पुढचा कप्पा उघडला. एक फाइल काढली. त्यातून बारा रंगीत चित्रं काढून त्यांनी बाकावर एकाशेजारी एक मांडली. बर्फातलं लाकडी घर. गुलाबी फुलांखालचा कालवा. लाल पानांचा डोंगर. पांढरा किल्ला. समुद्रातून वर येणारं बेट.

गोळीबाईंनी ती ओळखली. औषध कंपन्या दुकानाला कॅलेंडरं देत, त्यातलंच हे, जपानच्या चित्रांचं, बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचं. वर्ष संपलं तरी त्यांनी ते स्वयंपाकघरातून काढू दिलं नव्हतं. भिंतीवर चुकीची तारीख मिनिटरावांना सोसेना, म्हणून त्यांनी खालचे तारखांचे भाग कापून टाकले होते आणि चित्रं राहू दिली होती. पुढे घराला रंग दिला तेव्हा ती कुठे गेली, कोणी विचारलं नाही.

"मागे बघ," ते म्हणाले.

प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने, डेपोच्या वहीतल्या त्याच बारीक अक्षरात, लिहिलेलं होतं. 'कढई घासताना म्हणाली, इथे एकदा जायला हवं.' 'म्हणाली, हे पाणी किती गार असेल.' 'आज दुकानात चौदा तास उभी. चित्राकडे बघत जेवली.' खाली तारीख आणि वेळ. गोळीबाई एकेक वाचत गेल्या. या माणसाने तेव्हा मान वर करून पाहिलंही नव्हतं, वर्तमानपत्र वाचत बसला होता, असं त्यांना पक्कं आठवत होतं. नवऱ्याचं मन आपल्याला चष्म्याशिवाय वाचता येतं म्हणे! त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी वेळापत्रकाचं एक पान घेतलं.

"तू बाराही मागितली होतीस," मिनिटराव म्हणाले. "एकही सोडायचं नव्हतं. म्हणून अकरा हॉटेलं. एका ठिकाणी दोन बसवली मी," हे मात्र ते जरा अभिमानाने म्हणाले.

गोळीबाईंनी चित्रं पुन्हा पाहिली, आणि एकदम त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

"अहो, आपण जायचं कधी?"

"एप्रिलचा पहिला पंधरवडा."

"मग हे?" त्यांनी लाल डोंगरावर बोट ठेवलं. "हे नोव्हेंबरचं पान होतं. पोरीला कांजिण्या आल्या होत्या त्या महिन्यात, माझ्या चांगलं लक्षात आहे. हे बर्फाचं जानेवारीचं. ही फुलं तेवढी एप्रिलची. एका पंधरवड्यात चारही ऋतू बसवलेत तुम्ही?"

मिनिटरावांनी चित्राकडे पाहिलं. मग तक्त्याकडे. तारखा तर त्यांनीच स्वतःच्या कात्रीने कापल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांच्या गाड्या उन्हात, थंडीत त्याच वेळेला सुटल्या होत्या. साडेआठची बस बाराही महिने साडेआठची.

"गाडीला कुठे ऋतू असतो," ते पुटपुटले.

त्यावर गोळीबाई अशा हसल्या की पलीकडच्या फलाटावरची माणसं बघायला लागली. मिनिटरावांचा चेहरा आधी पडला, मग तेही हसू लागले, आणि तेवढ्या वेळात आणखी एक गाडी येऊन गेली.

"आता सांग," ते म्हणाले. "कुठलं ठेवू?"

गोळीबाईंनी विचार करायला वेळ घेतला नाही. फुलांचा कालवा त्यांनी एका बाजूला केला, "हे एप्रिलचंच आहे, असू दे." मग ढिगातून एक साधं चित्र ओढून काढलं. जुन्या लाकडी घराची पडवी. समोर शेवाळ माखलेली लहानशी बाग. पडवीवर दोन उशा मांडलेल्या, आणि त्यांवर कोणी नाही.

"हे जुलैचं. पण शेवाळ एप्रिलमध्येही असेलच. मला इथे बसायचंय."

"बसून? करायचं काय?"

"काही नाही. एकतीस वर्षं उभी होते मी. मी बसणार, आणि कोणी 'बाई, जरा लवकर' असं म्हणणार नाही."

मिनिटरावांना हे कुठल्या रकान्यात लिहावं कळेना. बराच वेळ ते पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवत बसले.

"आणि मी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"उशा दोन आहेत ना?"

रविवारभर मिनिटराव टेबलापाशी होते. अकरा हॉटेलांची तीन झाली. जिने कुठे आहेत आणि सरकता जिना कुठे, ते त्यांनी मुलीला सात वेळा फोन करून विचारलं. सोमवारी सकाळी नव्या तक्त्याचा फोटो तिच्याकडे गेला आणि दहा मिनिटांत तिचा फोन आला. गोळीबाई स्वयंपाकघरात गोळी घेत होत्या. बाटलीवर आता खरं लेबल होतं. फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू होता.

"बाबा, नवव्या, दहाव्या आणि अकराव्या दिवशी तुम्ही 'रद्द' लिहिलंय. तुम्ही! मग तिथलं हॉटेल काढून टाकू का?"

"खुळी आहेस का? शेजारचा रकाना वाच."

पलीकडे तिने फोटो मोठा केला. मग मुलीने वाचलं, हळूहळू, अक्षर लागत नसल्यासारखं.

"कारण: दोघं बसलो आहोत."

"ठेवते," ती म्हणाली. "तिन्ही दिवस ठेवते."