चार टॅब आणि शीलाचं नाक

बोंडअळीच्या साली आमच्या शाळेत चार टॅब आले. कापूस गेला आणि टॅब आले, त्यामुळे ही सरकारी नुकसानभरपाईच आहे, असं काही दिवस गावाला वाटत होतं.

फुलसावंगीच्या अलीकडचं आमचं गाव. सातवीत आम्ही नऊ जण. त्यात गणित येणारी एक, शीला. बाकीचे आठ तिच्या वहीवर विश्वास ठेवणारे. मी, रोशन, त्या आठांतला. गावातली शाळा सातवीपर्यंतच. महागावला एक परीक्षा होती, ती पास झालं की वसतिगृहाच्या शाळेत आठवी फुकट. नाही झालं तर शीलाची शाळा संपली, हे तिच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. परीक्षा टॅबवर होती.

आणि टॅब शीलाचं बोट ओळखत नव्हता.

अळीमुळे बोंडं अर्धवटच उघडायची. आतला कापूस उकरून काढावा लागे, आणि वाळलेल्या कडा टोचत. सुट्टीच्या दिवशी आई रुखमाबाईबरोबर वेचणीला जाऊन शीलाची बोटं दगडी झाली होती. तिनं कितीही दाबलं तरी टॅब ढिम्म. माझं बोट मात्र नुसतं जवळ गेलं तरी तो पान उलटायचा. त्याला माझं बोट आवडायचं, उत्तरं आवडायची नाहीत.

"जोरात नको दाबू," सदाशिवराव गुरुजी म्हणाले. "टॅब आहे तो, ढेकूण नाही."

उपाय सुरू झाले. खोबरेल तेल लावलं, तर बोट काचेवरून घसरून बाकाखाली गेलं. मग बोट पाण्यात बुडवलं. एक थेंब काचेवर पडला आणि त्यानं आपल्या मनानं तीन प्रश्न सोडवले. दोन बरोबर आले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शीलाचे वडील देवराव शाळेत आले. त्यांनी टॅब मागूनपुढून तपासला. "याले कोनं सांगतलं, पोर मजुराची हाये म्हून?"

तोडगा माशीनं काढला. माशी कानाशी आली, शीलानं मान झटकली, नाकाचा शेंडा काचेला लागला आणि पुढचा प्रश्न हजर झाला.

नाकानं कधी कापूस वेचला नव्हता.

त्याच दिवशी रुखमाबाईनं घरच्या सरावासाठी डब्याच्या झाकणावर खडूनं चार पर्यायांचे चार गोल काढून दिले. शीला उत्तर काढायची, एक डोळा मिटायची आणि बरोबर गोलावर नाक टेकवायची. महिनाभर ती गावात पांढऱ्या नाकानं फिरली. कोणी विचारलं की म्हणायची, "अभ्यास करून राह्यली."

परीक्षेला शीला आणि मी, दोघंही गेलो. अर्धा तास झाला आणि पर्यवेक्षक विमलताई तिच्यापाशी थांबल्या.

"झोपली काय वं?"

"नाही मॅडम, सोडवून राह्यली."

"नाकानं? काहून?"

"हा माह्यं बोट ओळखत नाही."

विमलताईंनी सूचनांचा कागद काढला आणि दोन्ही पानं वाचली. नाकाबद्दल एक अक्षर नव्हतं. मग त्यांनी शीलाचा हात हातात घेतला आणि एकेक बोट पाहिलं. शेवटी पदरानं तिचा टॅब पुसून दिला. "कर बाई. बूड सोडून कशानंही कर."

माझी परीक्षा पंधरा मिनिटांत आटोपली. शीलाचं नाक शेवटच्या घंटेपर्यंत चालू होतं. बाहेर आली तेव्हा शेंडा लाल झाला होता. म्हणाली, "पाच राह्यले."

पाच राहूनही तिचं नाव यादीत आलं. माझं आलं नाही. तो थेंब परीक्षेला बसला असता तर त्याचं आलं असतं.

प्रवेशाच्या दिवशी वसतिगृहाच्या ऑफिसात बाबूनं अंगठ्याचं मशीन पुढे सरकवलं. शीलानं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. रुखमाबाईचा ठेवला, तरी लालच. पाठीमागे रांग कुरकुरायला लागली.

शीलानं वेणी मागे टाकली, एक डोळा मिटला आणि मशीनवर वाकली.

"अवं, थांब थांब!" बाबू दचकून खुर्चीतून उठला. "कायले? सही येते न तुले?"

"येते."

"मंग कर ना बाप्पा. सही चालते."

शीलानं पेन घेतला आणि स्वतःचं, वडलांचं, आडनावासकट अख्खं नाव लिहिलं. रकाना संपला, ती समासात गेली. रुखमाबाई वाकून पाहत होती.

"अजून जागा हाये," ती म्हणाली. "माह्यंबी लिही."